खुर्ची क्रमांक १७ वरील विद्यार्थ्यास आभारपत्र

सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपताच तुम्ही खुर्ची रिकामी करून गेलात, त्या दिवशी मी गावी होतो. आमच्याकडे नोंदवलेला तुमचा फोन क्रमांक आता बंद लागतो, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. अभ्यासिकेत आम्ही सगळ्यांना खुर्चीच्या क्रमांकाने ओळखतो, तेव्हा मायनाही तसाच लिहिला आहे. राग मानू नये.

सदाशिव पेठेतील या ४२ खुर्च्यांचा हिशेब मी कायम वहीत ठेवत आलो. निवृत्तीनंतर जावास्क्रिप्ट ही वेबपाने चालवणारी प्रोग्रामिंगची भाषा शिकण्याची हौस निर्माण झाली आणि नाव, खुर्ची, शुल्क व तारीख भरण्याचे एक पान मी स्वतः तयार केले. भरलेली माहिती ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे संगणकावरच राहणाऱ्या त्याच्या साठ्यात, साठवायची आणि पान उघडताच ती तक्त्यात दाखवायची, एवढाच बेत होता. प्रत्यक्षात मी दोन विद्यार्थ्यांची नोंद केली आणि तक्त्यात ३१ ओळी उमटल्या. त्यांतील प्रत्येक रकान्यात ‘अनडिफाइन्ड’ (म्हणजे येथे काही मूल्यच नाही) हा एकच शब्द होता. चार दिवस मी तक्ता काढणाऱ्या ओळींमध्येच चूक शोधत राहिलो.

तुम्ही त्या ओळींकडे पाहिलेदेखील नाही. एफ-१२ ची कळ दाबून तुम्ही मला ब्राउझरने खरोखर काय साठवले आहे ते उघडून दाखवले. तेथे विद्यार्थ्यांची नावे नव्हतीच. चौकटी कंसातले ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ हे शब्द दोनदा होते आणि मध्ये एक स्वल्पविराम. मग तुम्ही मला त्यातली अक्षरे मोजायला लावलीत. इंग्रजी लिपीत कंस आणि मोकळी जागा धरून एका जोडीची १५, दुसरीची १५ आणि स्वल्पविरामाचे एक, म्हणजे बरोबर ३१. लोकलस्टोरेज फक्त मजकूर साठवते, त्यात वस्तूंची, म्हणजे एकत्र बांधलेल्या नोंदींची (ऑब्जेक्टची), यादी तशीच टाकली तर ब्राउझर तिचा असा निरुपयोगी मजकूर करतो आणि यादीतली एकेक नोंद घेणारा माझा लूप त्या मजकुराच्या एकेका अक्षराला एकेक विद्यार्थी समजत होता, हे त्या मोजणीने जितके पक्के समजले तितके कोणत्याही व्हिडिओने समजले नसते. साठवताना यादीचा जेसन नावाच्या पद्धतीने मजकूर करणारे जेसन-स्ट्रिंगिफाय आणि काढताना त्या मजकुराची पुन्हा यादी करणारे जेसन-पार्स, हे दोन शब्द तुम्ही त्यानंतरच उच्चारलेत. पहिल्यांदा पान उघडताना साठा रिकामा असतो आणि हाती ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’, येते, म्हणून तेथे रिकामी यादी धरावी, हेही त्याच बैठकीत सांगितलेत.

दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही नावाच्या चौकटीत स्वतःच्या नावाभोवती ठळक अक्षरांचा एचटीएमएल टॅग, म्हणजे वेबपानाच्या मांडणीची खूण, घातलात आणि तक्त्यात तुमचे नाव खरोखर ठळक झाले. मला गंमत वाटली. तुम्हाला वाटली नाही. ज्या वाटेने हा निरुपद्रवी टॅग आत आला त्याच वाटेने कोणाचा उपद्रवी कोडही चालू शकेल, असे सांगून भरलेल्या मजकुरातले टॅगही अमलात आणणारे माझे इनर-एचटीएमएल तुम्ही काढायला लावलेत. आता इन्सर्ट-रो आणि इन्सर्ट-सेलने ओळी व रकाने तयार होतात आणि मजकूर टॅगलाही साधी अक्षरे मानणाऱ्या टेक्स्ट-कंटेंटने भरला जातो. नवी नोंद झाली की आधी टी-बॉडी, म्हणजे तक्त्यातली ओळींची जागा, रिकामी करायची, नाहीतर जुन्या ओळी पुन्हा खाली जोडल्या जातात.

शुल्काच्या बेरजेत ०७००७०० असा आकडा आला तेव्हा मात्र आपण दोघेही हसलो. चौकटीत भरलेली रक्कम मजकूर म्हणून येते, तशीच साठते आणि अधिकचे चिन्ह दोन मजकूर एकमेकांना चिकटवते; ‘नंबर’ने रूपांतर केल्यावर १४०० आले.

सर्वांत जास्त आभार तारखेबद्दल मानायचे आहेत, कारण ती चूक माझ्या लक्षातही आली नसती. आपली अभ्यासिका पहाटे ५ वाजता उघडते. १ जूनला उघडल्याउघडल्या आलेल्या एका मुलीने भरलेले शुल्क तक्त्यात ३१ मे या तारखेला दिसत होते आणि मी तिलाच पुन्हा विचारणार होतो. जेसनमध्ये जाताना तारीख जागतिक प्रमाणवेळेत लिहिली जाते, आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे आणि मी त्या मजकुराची पहिली दहा अक्षरे तशीच दाखवत होतो; म्हणून साडेपाचच्या आत पैसे भरणारे सगळे आदल्या दिवशी जात होते. त्या मजकुरापासून पुन्हा तारीख तयार करून ती भारतातील मराठी पद्धतीने दाखवायची, ही दुरुस्ती एका ओळीची होती. अंक देवनागरीत आले, हा वरचा लाभ.

ही माहिती याच संगणकावर, याच ब्राउझरमध्ये आहे, ब्राउझरचा साठा पुसला की तीही जाते आणि संगणकासमोर बसलेला कोणीही ती वाचू शकतो, हे तुम्ही दोनदा बजावले होते. त्यानुसार आधार क्रमांकाचा रकाना मी काढून टाकला आहे आणि दर रविवारी सर्व नोंदींची फाइल पेन ड्राइव्हवर घेतो. वही मात्र अजून चालू आहे. सवय सुटत नाही.

तुमची स्वतःची परीक्षा तोंडावर असताना तुम्ही दोन संध्याकाळी माझ्यासाठी खर्च केल्यात, आणि कोड लिहून देण्याऐवजी कळफलक माझ्याच हातात ठेवलात, याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

एक राहिले. तक्त्यात खुर्ची १७ पुढे ‘अनामत परत करणे बाकी’ असे दिसते आहे, आणि या वेळी तक्ता बरोबर आहे. रक्कम पाकिटात घालून ठेवली आहे. पुण्यात याल तेव्हा घेऊन जावी.

आपला कृतज्ञ,
अभ्यासिकेचा व्यवस्थापक
सदाशिव पेठ, पुणे