सिंकमागची भिंत, आणि बाबांची घाई

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर काही समजवायला गेलं की बाबा "बरं बरं, ठेवतो" म्हणतात आणि आईचा कुकर होतो, म्हणून लिहूनच पाठवतेय. चष्मा लावून दोघांनी वाचा.

आई, तू काल सिंकमागच्या भिंतीचा फोटो पाठवलास तो मी मोठा करून बघितला. नुसते रंगाचे पोपडे नाहीत ते. खाली पांढरी पावडर सुटल्यासारखी दिसतेय ना, तो खार आहे, म्हणजे पाणी आतून बाहेर येतंय आणि येताना गिलाव्यातले क्षार घेऊन येतंय. त्यात आपलं घर जांभ्या चिऱ्याचं, तो दगड आधीच भोकाभोकाचा, पाणी मिळालं की पीतच बसतो. असल्या भिंतीवर गणपतीच्या आत टाइल चिकटवून मोकळं व्हायचं, "मागं काय आहे कोण बघतंय की" हा बाबांचा प्लॅन मला पटलेला नाही. सॉरी बाबा.

हे शहाणपण मला कुठून आलं ते पण सांगते, हसू नका. मागच्या वर्षी इथे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मी पण हेच केलं, ओल दिसत होती तर ऑनलाइन तो चकचकीत चंदेरी स्टिकर मागवला आणि लावून टाकला, दोन महिने मस्त, मग वास यायला लागला, काढून बघते तर मागे सगळं काळं, बुरशी, आणि गिलावा हातात भुगा होऊन आला. टाइलचं पण तसंच, ती समोरून उडणारं पाणी अडवते, आतल्या पाण्याला तिचं काही घेणंदेणं नसतं. उलट ते कोंडून बसतं आणि एक दिवस टाइल ठोकली की पोकळ वाजते.

म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. माझा पहिला संशय भिंतीतल्या लोखंडी पाइपवर, नळाच्या मागे बाबांनी तीनदा एमसील लावलंय तिथेच. दुसरा, कडप्पा आणि भिंत यांच्यामधली फट, भांडी घासताना पाणी तिथूनच आत जात असणार. आणि तिसरं म्हणजे आपलं खानापूरचं पाऊसपाणी, वारा पश्चिमेचा आणि स्वैपाकघर पण नेमकं पश्चिमेला, तेव्हा खिडकीखाली बाहेरून चीर पडलीय का ते पाऊस उघडला की बघा. प्लंबरला सांगून पाइप बदलूनच घ्या आणि लगेच बुजवू देऊ नका हं! जॉइंटला कोरडा कागद गुंडाळून दोन दिवस पाणी चालू ठेवा, कागद ओला झाला तर परत बोलवा त्याला.

सैल गिलावा आत्ताच पाडून घ्या, आतला दगड दिसेपर्यंत, पण नवीन लगेच नको. श्रावणात आपल्याकडे टॉवेल वाळत नाही तिथे भिंत कुठली वाळतेय. गणपतीला भिंत उघडी दिसली तर दिसू दे, पाहुणे मोदक खायला येतात. दसऱ्याच्या सुमाराला गिलावा, एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, आणि सात दिवस पाणी मारायचं, गवंडी दुसऱ्या दिवशीच "झालं की" म्हणेल, ऐकू नका. मग वाळू द्यायचं, वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, आणि टाइल दिवाळीच्या आसपास. तोवर मी आलेली असेन.

टाइल बेळगावात जाऊन आईच निवडणार, बाबा तुम्ही दुकानाबाहेर चहा प्या. दुकानवाला बॅकस्प्लॅश वगैरे म्हणेल, घाबरू नकोस आई, सिंकमागच्या फरशाच त्या. बारा बाय अठराच्या साध्या, गुळगुळीत घे, खडबडीत डिझाइनमध्ये तेलकट बसतं आणि घासत तूच बसशील. खिडकीपर्यंत उंच आणि सिंकच्या दोन्ही बाजूंना फूटभर जास्त. सांध्यात पांढरं सिमेंट नको, हळदीने आठवड्यात पिवळं होतं, इपॉक्सी ग्राउट महाग पडतं पण डाग धरत नाही, तेवढा फरक मी देते. आणि कडप्पा-टाइलच्या सांध्यात ग्राउट भरायचंच नाही, तिथे सिलिकॉन. तो सांधा थोडा हलतो, कडक काही भरलं की चीर पडते आणि परत पाणी आत. मिक्सरचा बोर्ड पण जरा लांब सरकवून घ्या, मेन बंद करून.

सिलिकॉनची ट्यूब आणि टाइलमध्ये ठेवायचे प्लॅस्टिकचे स्पेसर कुरिअरने पाठवलेत. पत्त्यात बेळगावी लिहिलंय म्हणून चिडू नका बाबा, 2014 पासून तेच चालतं.

आणि हो, फोटोच्या कोपऱ्यात सिंकखाली बादली दिसली. निम्मी भरलेली. आई, किती दिवस ठेवतेस ती, मला एका शब्दाने बोलली नाहीस. कंबर दुखते म्हणतेस आणि बादल्या उचलतेस. प्लंबर येईपर्यंत ती बादली बाबा उचलतील, रोज रात्री, मी फोन करून विचारणार आहे.

तुमची,
अक्का