'मूळ स्प्रिंगवरच चालतो' म्हणून विकलेल्या कॅमशाफ्टबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मार्चमध्ये मी तुमच्याकडून दीडशे सीसी मोटरसायकलसाठी परफॉर्मन्स कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मागवला. किंमत ९,५०० रुपये. खोक्यावर छापलं होतं, 'मूळ स्प्रिंगवरच चालतो, बाकी काही बदलावं लागत नाही.' मूळ स्प्रिंग म्हणजे व्हॉल्व्ह बंद करणारी, गाडीतली आधीचीच. माझी तक्रार या एका ओळीबद्दल आहे.

साडेआठ हजार आरपीएमपर्यंत गाडी झकास पळाली. त्यापुढे इंजिनच्या हेडमध्ये (व्हॉल्व्ह असतात त्या वरच्या भागात) खडखड, आणि ताकद गायब. तुळजापूर रोडवर दोनदा तेच झालं. व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडून उडत होते. तुमच्या माणसाने फोनवर उपाय सांगितला : स्प्रिंगखाली एक मिमीचा शिम (पातळ चकती) टाका, प्रेशर वाढेल.

आम्ही टाकला. होटगी रोडचे आमचे मिस्त्री काम झाल्यावर किक मारण्याआधी इंजिन हाताने फिरवून बघतात. ते अर्ध्यातच अडलं. त्यांनी सरळ किक मारली असती तर मी आज बरंच मोठं बिल जोडलं असतं.

मग तुम्ही विकण्याआधी करायचं काम आम्ही केलं. स्प्रिंग व्हाइसमध्ये पूर्ण आवळली. वेढ्याला वेढा टेकला तेव्हा लांबी २४.९ मिमी. हेडमध्ये बसलेली उंची ३३ मिमी. म्हणजे दबायला जागा ८.१. मूळ कॅम व्हॉल्व्ह ६.६ मिमी उघडतो, दीड मिमी शिल्लक राहते. तुमचा उघडतो ८ मिमी, शिल्लक ०.१! निदान एक मिमी तरी हवी. त्यात शिम टाकल्यावर जागा उरली ७.१. ज्या उपायाने प्रेशर वाढतं त्यानेच जागा कमी होते, हे फोनवरच्या माणसाला माहीत नसावं?

दुसऱ्या फोनवर 'आमच्याकडची सगळ्यात कडक स्प्रिंग' १,८०० रुपयांत देऊ केली. किती कडक, ते सांगता आलं नाही. सोलापुरात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्याला टॅपेट (यंत्रमागातला कॅम) आणि स्प्रिंगचं नातं नव्याने शिकवावं लागत नाही. व्हॉल्व्ह उघडायला सुरुवात कॅम करून देतो. माथ्यावर त्याला आवरून परत फिरवायचं काम एकट्या स्प्रिंगचं. ती कमी पडली तर व्हॉल्व्ह उडतो. गरजेपेक्षा कडक असली तर कॅम आणि रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा भाग) झिजवते, ताकदही खाते. म्हणून स्प्रिंग कॅमबरोबर जुळवूनच द्यायची असते. सध्या नव्या कॅमच्या नाकावर ओरखडे आहेत, रॉकरच्या तोंडावर खड्डे.

मला कॅमचे पूर्ण पैसे, रॉकरची किंमत आणि हेड दोनदा खोलल्याची मजुरी परत हवी. किंवा याच कॅमला जुळणाऱ्या स्प्रिंगा, नवा कॅम आणि रॉकर द्या. सोबत बसवायची उंची, त्या उंचीवरचा आणि पूर्ण लिफ्टवरचा (व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरचा) दाब, पूर्ण दबलेली लांबी हे आकडे लेखी द्या. खोक्यावरची ती ओळही काढा. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. या कायद्याने ती राहत्या गावी करता येते. तुमच्या शहरात हेलपाटे घालायची मला गरज नाही.

बिल आणि मोजमापाचे फोटो जोडले आहेत. खराब कॅम मिस्त्रींच्या कपाटात आहे. बघायला माणूस पाठवणार असाल तर व्हर्निअर घेऊन पाठवा.

आपला ग्राहक,
सोलापूर