लॅबमधल्या सरांना, ज्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं

सर, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही “इरली बिडव्वा”, असू दे गं, म्हणून विषयच बदलता, नाहीतर चाव्या घेऊन स्टोअररूममध्ये निघून जाता. म्हणून असं चारचौघांत लिहायला लागलं. मराठीतच लिहिते, बेळगावच्या गणपत गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या वाचत मराठी शिकलो असं तुम्हीच सांगितलं होतंत, त्यामुळे तुम्ही वाचाल याची खात्री आहे. अडलं तर घरच्या मॅडमना विचारा, त्या निपाणीच्या आहेत ना.

गेल्या आठवड्यात बेंगळूरच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं, हार्डवेअर टेस्टिंगला घेतलंय. इंटरव्ह्यूत त्यांनी माझा रेझ्युमे दोन मिनिटांत बाजूला सारला, टेबलावर एक बोर्ड ठेवला आणि म्हणाले याला आउटपुट येत नाहीये, बघा जरा. बस, एवढंच. आणि ते दोघं माझ्या हातांकडे बघत बसले. मी आधी सप्लाय बघितला, मग ग्राउंड, मग आउटपुटकडून एकेक स्टेज मागे येत गेले आणि एका कपॅसिटरचा पाय सोल्डरमधून सुटलेला सापडला. तोपर्यंत हात एकदम शांत होते सर. बाहेर येऊन पाण्याचा ग्लास उचलला तेव्हा थरथरायला लागले आणि तुमची आठवण आली आणि मी त्या चकचकीत लॉबीत खुळ्यासारखी रडत बसले. सिक्युरिटीवाल्या काकांना वाटलं पोरगी रिजेक्ट झाली, त्यांनी खिशातला बिस्किटाचा पुडा काढून दिला. मी घेतला, नाही म्हणवलं नाही.

आता गावात सगळे विचारतात पोरीला क्लास कुठला लावला होता. कुठला क्लास आणि कुठलं काय. जांबोटीच्या पुढे जुलैत बस आली तर नशीब म्हणायचं, तिथे क्लास कोण घेणार.

आमच्या मराठी शाळेत प्रयोगशाळा होती, म्हणजे तशी पाटी होती. आत बेंच, गाठोड्यात बांधलेले जुने पेपर आणि काचेच्या कपाटात बरण्या, कपाटाला कुलूप. लिटमस निळ्याचा लाल होतो हे मी दहावीपर्यंत सुवाच्य अक्षरात लिहिलंय, लिटमस कधी बघितला नाही. सायन्सच्या मास्तरांवर राग नाही, त्यांच्याकडे गणित, सायन्स आणि वर पोषण आहाराचा हिशोब होता, माणूस किती ठिकाणी पुरणार. राग आहे तो पीयूसीतल्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, एका लेक्चररवर. मराठी मीडियममधून आलेल्या आम्हा पोरींना पहिल्याच आठवड्यात सगळ्या वर्गासमोर उभं करून म्हणाले, तुम्हाला पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, झेपणार नाही, अजून वेळ आहे, आर्ट्सला जा. इंग्रजी कळत नव्हतं हे खरं, पण हे वाक्य बरोबर कळलं. आमच्यातल्या काही जणी खरंच गेल्या. एकीचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं, तिचं लग्न झालंय आता, मी तिच्या मुलीच्या बारशाला जाऊन आले.

आणि राग आहे तो आमच्या मराठीवाल्या एका नेत्यांवर. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांच्या पोरांसाठी तिकडे इंजिनिअरिंगला जागा ठेवल्यात, हे त्यांना पक्कं माहीत होतं, भाषणात आकड्यासकट सांगतात. बाबा वीटभट्टीवरची हजेरी बुडवून त्यांच्या ऑफिसच्या बाकावर बसले, चहा मिळाला, कुठला कागद लागतो हे काही मिळालं नाही. फॉर्मची मुदत संपल्यावर त्यांच्याच माणसाने सांगितलं, अरेरे, आधी यायचं की ओ. एक नोव्हेंबरला इकडचे मराठीवाले काळा दिवस करतात, तिकडचे कन्नडवाले राज्योत्सव करतात, दोन्हीकडचे ढोल मला पाठ आहेत. त्या दोन मिरवणुकांपैकी एकीतल्या कुणी आमच्या शाळेतल्या त्या कपाटाची चावी कुणाकडे आहे एवढं जरी विचारलं असतं ना.

असो. शेवटी सीट मिळाली ती इथेच, सीईटीतून, खेड्यात शिकलेल्यांच्या १५ टक्क्यांतून. कन्नड मीडियमवाल्यांना ५ टक्के वेगळे असतात, त्यात आम्ही बसत नाही. पण १५ टक्क्यांत बसलो ना, मग तक्रार नाही. पुढे मुलींसाठीची प्रगती स्कॉलरशिप लागली, वर्षाला ५० हजार, आणि २०२३ च्या जूनमध्ये शक्ती योजना आली तशी बायकांना लाल बस पण फुकट झाली. म्हणजे सरकारने त्याचं काम केलं, खोटं कशाला बोलू. मी कॉलेजात पोचले.

पोचले आणि तिसऱ्या सेमला तुमच्या लॅबमध्ये येऊन परत लिहीतच बसले.

बॅच यूएसएनप्रमाणे, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या नंबराप्रमाणे, पडली, मी आणि तीन पोरं. पोरं वाईट नव्हती, अजून मित्र आहेत, हे वाचून शिव्या घालतील. पहिल्याच दिवशी एकजण म्हणाला “तुझं अक्षर मस्त आहे, तू लिही, आम्ही कनेक्शन करतो,” आणि मला तर बरंच वाटलं, कारण सीआरओ, म्हणजे सिग्नलची लाट स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, मला देव्हारा होता, लांबूनच नमस्कार केलेला बरा. मग ते नॉब फिरवणार, रीडिंग ओरडणार, मी टेबलमध्ये लिहिणार, सेमीलॉग ग्राफच्या शीटवर ठिपके मारणार, घरी जाऊन चौघांचं मिळून एक फेअर करणार. आमच्याच बॅचचं असं नव्हतं हो, मान वर करून बघितलं तर प्रत्येक बेंचवर पोरगी लिहीत होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणी काही वाईट बोललं नव्हतं, मॅडम लोकांना पण त्यात काही वावगं दिसत नव्हतं. रेकॉर्ड पूर्ण, सही झाली, मार्क पडले.

त्या दिवशी आरसी कपल्ड अँप्लिफायरचा प्रयोग होता. तुम्ही हात मागे बांधून फेरी मारत आलात, आमच्या बेंचपाशी थांबलात, काही बोलला नाहीत. मग वाकून माझ्या बोटांतलं पेन काढून घेतलंत. मला वाटलं सही करायची असेल. तुम्ही ते पेन आमच्यातल्या सगळ्यात हुशार पोराच्या हातात दिलंत, “नी बरी”, तू लिही, म्हणालात, आणि प्रोब, म्हणजे सीआरओला सिग्नल नेणारी वायर, उचलून माझ्या तळहातावर ठेवलात. “तगो. नी हिडी.” घे, तू धर.

बस, एवढंच केलंत तुम्ही. भाषण नाही, पोरांना रागावणं नाही, मुलींनी पुढे यायला पाहिजे वगैरे काही नाही.

त्या प्रोबचं वजन मला अजून आठवतंय. काळी वायर, मगरीच्या चिमट्याला तुम्ही गुंडाळलेली लाल टेप, आणि टोकाची ती स्प्रिंगची टोपी, मागे ओढली की आतून बारका आकडा बाहेर येतो हे मला तेव्हा कळलं, इतके आठवडे समोर बसून. आकडा अडकवला तर स्क्रीनवर सरळ रेघ. पोरं हसली नाहीत पण तिघांचे हात एकदम पुढे आले, आणि तुम्ही फक्त आपला हात मध्ये आडवा धरलात, रेल्वे गेट पडल्यासारखा. तुम्हाला दिसलं होतं ना सर? आधीच्या बॅचने चॅनेलचं बटण ग्राउंडवर ठेवलं होतं, ते तुम्हाला लांबूनच दिसलं असणार. तुम्ही सांगितलं नाहीत. “हेदरब्याड, नोडु,” घाबरू नको, बघ, म्हणालात आणि तिथेच उभे राहिलात. सगळी लॅब आवरायला लागली होती, माझी बस डोळ्यासमोर दिसत होती, आणि तुम्ही काही घाई नसल्यासारखे उभे. मी सप्लाय बघितला, कनेक्शन परत परत बघितलं, शेवटी ते बटण सापडलं, एसीवर केलं आणि हिरवी साइन वेव्ह आली. जरा तिरपी होती, ट्रिगर नीट नव्हता, पण माझी होती.

मग ते दुसरं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि तुम्हाला न सांगता कळलं. मला भीती समजत नाही म्हणून नव्हती, ब्रेकेजची होती. काही जळलं की नाव रजिस्टरला आणि पैसे भरायचे. ज्यांच्या घरी पैसे आहेत ती पोरं बिनधास्त सप्लाय वाढवतात, जळला तर जळला, आणि जाळत जाळतच शिकतात. माझ्या डोक्यात पहिल्यांदा बाबांची हजेरी यायची. तुम्ही ड्रॉवर उघडून प्लास्टिकचा डबा दाखवलात, त्यात तळाला जळके ट्रान्झिस्टर, आणि म्हणालात हे सगळे मी शिकताना जाळलेत, तू पण जाळ, लिहायचं झालं तर माझ्या नावावर लिहितो. मी खरंच जाळले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मोजायला पण आला नाहीत.

पुढच्या आठवड्यापासून सगळ्या बॅचमध्ये लिहिणारा आणि जोडणारा दर आठवड्याला बदलायचा असा तुमचा नियम आला. एका मॅडमनी तुमची तक्रार केली म्हणे, वेळेत एक्सपेरिमेंट संपत नाहीत म्हणून. तरी तुम्ही तो मोडला नाहीत.

सर, मी बरंच वाचलं मध्यंतरी. १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे आमच्या कमला सोहोनी, बेंगळूरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या आणि तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई आहे म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या, मग आधी वर्षभर काम बघू असल्या अटीवर घेतलं, आणि १९३९ ला त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. ही गोष्ट सगळे सांगतात, आठ मार्चला तर हमखास. पण आत गेल्यावर तिथे श्रीनिवासय्या म्हणून त्यांचे गुरू होते, कडक होते, पण काम शिकवलं त्यांनी, बाईंना प्रयोगाला उभं केलं. त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे? ज्याने दार अडवलं त्याची गोष्ट होते, ज्याने आत हाताला धरून शिकवलं तो तळटीपेत जातो. आपल्या डिपार्टमेंटच्या ब्रोशरमध्ये पण बघा, सगळ्यांचे टाय घातलेले फोटो आहेत, एनबीएची, म्हणजे कॉलेज तपासणारी, कमिटी यायच्या आधी रात्री दहापर्यंत केबल बांधत बसलेल्या माणसाचा नाही.

आणि आठ मार्चवरून आठवलं. गेल्या वर्षी आम्हा सगळ्या मुलींना ऑडिटोरियममध्ये बसवून गुलाब दिले, पाहुण्या बाई तासभर बोलल्या, इंद्रा नूयी, कल्पना चावला, सगळं झालं. तेवढा वेळ लॅब पोरांना मोकळी होती! मी गुलाब पर्समध्ये टाकून मागच्या दाराने तुमच्याकडे आले, तुम्ही हसलात आणि चावी दिलीत.

चांगला माणूस म्हणजे काय असतं याच्यावर आमच्याकडे लई बोलतात, कीर्तनात बोलतात, सभेत बोलतात. मला वाटतं चांगल्या माणसाला आधी दिसतं. सगळ्या बेंचवर पोरीच लिहितायत हे वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं, दिसलं तुम्हाला. आणि तुम्ही बैलहोंगलकडचे, मी खानापूरकडची, तुमचं मराठी कन्नड वळणाचं, माझं कन्नड तर विचारूच नका, टीव्हीवाल्यांनी आपल्याला समोरासमोर बसवून भांडायला लावलं असतं. लॅबमध्ये त्याची आठवण पण कधी झाली नाही. बसस्टँडवर दगडफेक झाली त्या आठवड्यात तुम्ही मला सीबीटी बसस्टँडपर्यंत सोडायला आलात, वाटेत तुम्ही फक्त मल्टिमीटरच्या फ्यूजबद्दल बोललात.

या महिनाअखेरीला तुम्ही रिटायर होताय, कार्यक्रम स्टाफरूममध्येच ठेवलाय असं कळलं, शाल, हार, दोन शब्द. आम्ही काही जणी येणार आहोत, सांगून ठेवते, स्टाफरूम पुरणार नाही, लॅबमध्ये घ्यायला सांगा. माझं जॉइनिंग त्याच्या नंतर आहे. आईने तांदूळ बांधून ठेवलाय आमच्या शेतातला, तो घ्यायचा, आणि मी आपल्या बेळगावची मिठाई, कुंदा, आणणार आहे. डॉक्टरनी गोड बंद केलंय ते माहीत आहे मला, मॅडमना मी आधीच फोन केलाय, एक चमचा चालेल म्हणाल्या.

तुमची,
तिसऱ्या बेंचवरची पोरगी