रविवारचे शुभवर्तमान आदल्या आठवड्यातच उघडावे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

बायबलच्या अभ्यासाने श्रद्धा दृढ होते की चिकित्सेने ती कोरडी पडते, हा प्रश्न कॅथॉलिक श्रद्धावंतांकडून अनेकदा ऐकू येतो. बरीच वर्षे आठ-दहा जणांच्या एका बायबलवाचन गटात बसत आल्यामुळे त्याविषयी लिहावेसे वाटले.

पवित्र शास्त्र धर्मगुरूंनी वाचावे आणि आपण ऐकावे, ही समजूत अजूनही पुष्कळ घरांत आहे. वास्तविक जगभरच्या कॅथॉलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसृत झालेल्या ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात सर्वच श्रद्धावंतांना शास्त्राचे वारंवार वाचन करण्याचा आग्रह केलेला आहे. शास्त्राविषयीचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताविषयीचे अज्ञान, हे बायबलचे लॅटिन भाषांतरकार संत जेरोम यांचे म्हणणे तिथे आधाराला घेतले आहे आणि वाचनाला प्रार्थनेची जोड हवी, हेही त्याच परिच्छेदात सांगितले आहे. ‘लेक्तिओ दिविना’ या प्रार्थनापूर्वक वाचनाच्या जुन्या पद्धतीत ही जोड मुळातच आहे. बाराव्या शतकातील कार्थुसियन मठसंघाचे संन्यासी दुसरे ग्विगो यांनी तिच्या वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या मांडल्या; पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० साली ‘व्हर्बुम डोमिनी’ या आपल्या पत्रात कृतीवाचून हे वाचन पुरे होत नाही, असे स्पष्ट केले.

आमच्या गटात एकदा मार्कच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्रकथेच्या) दहाव्या अध्यायातील आंधळ्या बार्तीमयाचा उतारा घेतला होता. “मी तुझ्यासाठी काय करावे?” असे येशू त्याला विचारतो. उतारा तेवढाच वाचला तर हा प्रश्न साधा वाटतो. पण थोडे मागे गेल्यावर जवळजवळ त्याच शब्दांत येशूने आपले शिष्य याकोब आणि योहान यांनाही विचारलेले आढळते. रोज बरोबर चालणाऱ्या त्या दोघांनी मानाच्या जागा मागितल्या आणि रस्त्याकडेला बसलेल्या भिकाऱ्याने दृष्टी मागितली. मग कोणीतरी, येशूने बोलावताच बार्तीमयाने टाकून दिलेल्या अंगरख्याकडे लक्ष वेधले. गरिबाचे गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण त्याच्याजवळ तेवढेच असते, असा नियम बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. तो वाचून झाल्यावर एक वयस्कर बाई हळूच म्हणाल्या, “मी अजून काय पांघरून बसले आहे?” त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. मागचापुढचा संदर्भ तपासण्याचे कष्ट घेतले नसते, तर त्या दिवशीची ती प्रार्थना आमच्या वाट्याला आली नसती, असे मला मनापासून वाटते.

याउलट, संकटाच्या वेळी डोळे मिटून बायबल कुठेही उघडायचे आणि बोट पडेल ते वचन कौल म्हणून घ्यायचे, ही सवय मला चिंतेची वाटते. बायबलच्या संपूर्ण त्र्याहत्तर पुस्तकांतून देव जे बोलू पाहतो, ते त्यात ऐकलेच जात नाही. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत चाललेल्या इथिओपियाच्या अधिकाऱ्याला फिलिप्प हा शुभवार्तिक विचारतो, “वाचता ते समजते का?” “कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजेल?” हे त्याचे उत्तर प्रामाणिक आहे, आणि वाचनगटांची गरजही त्यातच आहे.

सुरुवात कुठून करावी, असे विचारणाऱ्यांना मी येत्या रविवारचे शुभवर्तमान सुचवतो. रविवारच्या मिस्सेची (चर्चमधील उपासनेची) वाचने तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात. तोच उतारा आठवडाभर रोज पंधरा मिनिटे सावकाश वाचला, एखादा शब्द मनात अडकला की तिथेच थांबून त्याविषयी प्रभूशी बोलले, तर रविवारी वेदीवरून तो ऐकताना कान वेगळे असतात.

म्हणून एक विनंती. आपल्या शनिवारच्या अंकात धर्मविषयक मजकुरासाठी जागा असतेच. त्यात पुढील आठवड्याच्या रविवारच्या वाचनांचे अध्याय आणि ओव्या दोन ओळींत छापल्या, तर घरोघरी बायबल उघडायला पुरते आठ दिवस मिळतील.

आपला,
एक कॅथॉलिक वाचक