पम्या, अण्णांची रेघ जाणार

सांगली,
मंगळवार, रात्र

प्रिय पम्या,

दिवाळीनंतर थेट आज लिहितोय, तेव्हा आधी शिव्या घालून घे, मग वाच. आई बरी आहे, गुडघे आहेत तसेच. माझी शुगर विचारू नकोस.

आपली हळदीची पेढी मालकाच्या नातवानं दुरुस्त करून ऑफिसांना भाड्यानं द्यायला काढलीय. सागवानी जिना ठेवलाय, तिजोरीच्या खोलीत लिफ्ट आलीय. पाऊस पडला की खाली अजून हळदीचा वास सुटतो. नाव, लोगो, पाट्या, लेटरहेड सगळं माझ्याकडं. त्याला हवं होतं 'द टर्मरिक हब'. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, हे माहितीपत्रकात तीनदा घालायला लावलंय पठ्ठ्यानं.

मी सुचवलं, 'पेव', हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. तर म्हणतो, "पेव फुटतं ना हो? फुटणाऱ्या जागेत ऑफिस कोण घेणार?" हसलो. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांचं काय झालं, ते बोललो नाही. शेवटी कसाबसा तयार झाला. हरिपूरचं पेव पेठेत आणून बसवलं म्हणून तू भांडशीलच. भांड. पण पोत्यांच्या मार्क्याचं भांडण आज मी हरलो असं लिहून देतो. 'व'च्या पोटाला सांधा ठेव, नाहीतर मधला तुकडा गळेल, हे तू सांगत होतास. मी साच्याचा पत्रा सरळ गोल कापला आणि चाळीस पोत्यांवर काळे गोळे उठले. मार तुझ्या अण्णांनी तुला दिला.

लोगोत तीच साच्यातली अक्षरं आहेत, सांध्यासकट. वर एक लांबच लांब शिरोरेघ, दोन्ही अक्षरं तिच्याखाली, 'पे'ची मात्रा तेवढी वर. ओळखलंस ना? पुरात गच्चीवर आपण दोघं आणि अण्णांच्या चोपड्या.

नातवानं रेघेवर बोट ठेवून विचारलं, "एवढी लांब कशाला?" मी म्हटलं, "शिरोरेघ आहे, मराठी ओळख." खोटं नाही बोललो, पण खरंही नाही. त्याच दमात तो म्हणाला, पुढच्या सोमवारी खालच्या खांबाला गिलावा. तोच खांब. अण्णांची तांबडी २००५ च्या पुराची रेघ आणि तिच्यावर तू काढलेली वाकडी २०१९ ची. जागा बघायला आलेल्यांना पहिलं तेच दिसतं म्हणे. त्याचंही चुकत नाही रे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांवर गेलं की अख्खं गाव सामान वर चढवतं, आणि २०१९ ला ते ५७ पर्यंत गेलं होतं.

मी शहाणपणा केला. म्हटलं, चुन्याच्या बांधकामावर सिमेंट लावू नका, आत ओल कोंडते. त्याला पटलं. आता चुन्याचाच गिलावा होणार!

खरं सांगितलं तर लोगो जाईल. आगाऊ घेतलेले पैसे आईच्या दातांत गेलेत. नाही सांगितलं तर खांबावरची रेघ बुजवून मी तीच लेटरहेडवर विकणार, आणि अण्णा तिथं तीस वर्षं दिवाणजी होते. दोन रात्री झोप नाही.

आज ट्रेसिंग पेपर घेऊन गेलो आणि अण्णांची रेघ आकड्यांसकट उतरवून घेतली. '५'ची शेपटी चोपडीतल्यासारखीच आखडलेली. तुझी राहिली, कागद पुरला नाही.

पोरीची परीक्षा कशी झाली? वहिनींना नमस्कार. घर बदललंस म्हणे, पण पत्ता माझ्याकडं जुनाच आहे, तिथंच टाकतोय.

सोमवारच्या आत फोन कर. खांब तुझ्या बापाचा आहे, मी एकटा काय ठरवू?

तुझा,
बंड्या