किल्ल्यांवरील वाटाड्यांच्या शिक्षणाची जबाबदारी विद्यापीठांनी घ्यावी

महोदय,

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हापासून रस्ते, वाहनतळ आणि निवासव्यवस्था यांवर पुष्कळ बोलले जात आहे. मात्र आलेल्या पाहुण्याला गड समजावून कोण सांगणार, याचा विचार फारसा होताना दिसत नाही.

विजयदुर्गाचेच पाहा. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी याच किल्ल्यावरून सूर्यावरील हेलियम वायूचा शोध लावला, असे पर्यटकांना छातीठोकपणे सांगितले जाते. वास्तविक १८ ऑगस्टच्या त्या ग्रहणाचे वेध फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूरहून घेतले आणि लॉकियर यांनी आपले निरीक्षण ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच केले. जाणकार पर्यटकाला ही एक गोष्ट खोटी आढळली, की मराठा आरमाराच्या खऱ्या इतिहासाकडेही तो संशयाने पाहू लागतो, हे मला फार लागते. वाटाड्याला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण विद्यापीठांतील संशोधन त्याच्यापर्यंत कधी पोहोचतच नाही. सिंधुदुर्गावर भर समुद्रात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी कसे, हा तर पर्यटकांचा हमखास प्रश्न. मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने बेटाच्या पोटात त्याच्यावर टिकून राहते, हे भूशास्त्राचा विद्यार्थी सहज समजावून देऊ शकेल.

पर्यटनाचे शिक्षण म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट, ही समजूत आता सोडायला हवी. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. त्याचा लाभ घेऊन जुन्नर, महाड, देवगड, मालवण अशा परिसरांतील महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक हंगाम जवळच्या किल्ल्यावर काम द्यावे, आणि इतिहास, भूशास्त्र व पर्यटन या विभागांनी मिळून प्रत्येक किल्ल्याची पुराव्यांनिशी तपासलेली माहितीपुस्तिका तयार करावी. दंतकथाही अवश्य सांगाव्यात, पण दंतकथा म्हणूनच. गडावर वर्षानुवर्षे वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांना पदवीची अट न घालता, शुल्क न आकारता याच वर्गांत बसू द्यावे. पाण्याची टाकी, चोरवाटा आणि ढासळते बुरूज यांविषयी त्यांना जे ठाऊक आहे, ते प्राध्यापकांनीही त्यांच्याकडून टिपून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, देवगड