वाफेच्या ट्रॉलरचा जोर विंचमध्ये होता, वेगात नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परराज्यांतल्या हायस्पीड ट्रॉलरांविषयी आपल्या दैनिकात गेले काही दिवस पत्रे येत आहेत. त्यांतल्या एका वाचकाचे म्हणणे असे की, विलायतेत सव्वाशे वर्षांपूर्वी वाफेचे ट्रॉलर, म्हणजे तळाशी जाळे ओढणाऱ्या बोटी, होते, ते नऊ-दहा नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पुढे जात नसत, म्हणून त्यांनी समुद्राचे काही बिघडवले नाही. नासाडी केली ती डिझेलच्या वेगाने. त्या बोटी संथ होत्या हे खरे. त्यांनी काही बिघडवले नाही हे मात्र खरे नाही, आणि त्या समजुतीवर आपल्याकडचे नियम बेतले तर रापणकर (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार) आणि छोट्या होडीवाल्यांच्या हाती काही लागणार नाही. म्हणून त्या बोटींचे काम प्रत्यक्षात कसे चाले, ते जरा तपशिलाने मांडतो.

वाफेच्या आधी उत्तर समुद्रात शिडाच्या नौका बीम ट्रॉल ओढत. जाळ्याचे तोंड उघडे राहावे म्हणून छत्तीस ते पन्नास फुटांचा लाकडी वासा, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी चौकटी, आणि खाली तळाला घासत जाणारा जाड दोर. वारा पडला की जाळे तळाशी बसून राही. वारा फार झाला की ओढणे धोक्याचे. त्यामुळे तांडेल भरती-ओहोटीचा ओघ बघून, त्याच्या बरोबरीनेच जाळे ओढी. जाळे वर घ्यायचे ते हाताने कॅप्स्टन, म्हणजे दोर गुंडाळणारा उभा रहाट, फिरवून, आणि दर्या खवळलेला असला तर त्यातच दोन-तीन तास जात. तळाच्या माशाला जो काही आसरा होता तो या अडचणींचा.

१८७७ साली नॉर्थ शील्ड्सच्या विल्यम पर्डीने ‘मेसेंजर’ ही चाकांची टग (जहाजे ओढणारी बोट) ट्रॉलिंगला लावली. बंदरात टगांना काम नव्हते, बॉयलर होताच. १८८१ मध्ये हलच्या अर्ल कारखान्याने ग्रिम्सबीसाठी ‘झोडियाक’ बांधली, ती मासेमारीसाठीच घडवलेली, पाण्याखालच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) चालणारी आगबोट. पुढच्या वर्षी तिच्या जोडीला ‘एरीज’ आली, आणि त्याच वर्षी ॲबर्डीनला ‘टॉयलर’ नावाची आणखी एक जुनी टग याच कामाला लागली. पुढे वीस वर्षांत हल, ग्रिम्सबी आणि ॲबर्डीनच्या गोद्या या बोटींनी भरून गेल्या.

ओढताना त्यांचा वेग अडीच ते तीन नॉट. आजचा ट्रॉलरही साधारण याच्या आसपास ओढतो. नऊ-दहा नॉट फक्त जाता-येताना. मग बदलले काय? बोट वाऱ्याविरुद्ध, ओघाविरुद्ध, रात्री, थंडीत, कधीही जाळे ओढू लागली. आणि सुकाणूघरापुढच्या दोन ड्रमच्या वाफेच्या विंचने, म्हणजे वायर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, जाळे तासांऐवजी मिनिटांत वर येऊ लागले. जाळे वर आणण्याची मेहनत संपली तशी ते किती जड असावे यालाही मर्यादा उरली नाही.

दुसरी गोष्ट बॉयलरची, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. या बोटींवर स्कॉच बॉयलर असे: मोठे गोल पिंप, खाली दोन-तीन भट्ट्या, वर धुराच्या नळ्या. त्यात कित्येक टन पाणी. थंड बॉयलरला आग घालून वाफ धरायला बारा ते चोवीस तास लागतात. घाई केली तर वरचे पाणी उकळते, तळचे थंडच राहते, पत्रा एकसारखा प्रसरण पावत नाही, आणि नळ्यांचे सांधे गळू लागतात. म्हणून दर्यावर असताना आग विझवायची सोयच नव्हती. मासे मिळोत न मिळोत, कोळसा जळणारच.

हिशोब साधा आहे. कंपाउंड इंजिनाला (तीच वाफ एकामागून एक दोन टप्प्यांत वापरणारे) दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे २ पौंड कोळसा लागे. दोनशे अश्वशक्ती पूर्ण जोरावर धरली तर ताशी ४०० पौंड, दिवस-रात्रीत ९,६०० पौंड, म्हणजे सव्वाचार टनांहून थोडा जास्त. तीन टप्प्यांचे ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन आले तेव्हा हाच आकडा दीड पौंडाच्या आसपास उतरला. पण बचत झाली म्हणून बोटी बंदरात बसल्या नाहीत, त्या आणखी लांब गेल्या. विझवता न येणारी आग मालकाच्या खर्चात बसली की बोट चोवीस तास जाळे ओढणार, हे त्या यंत्राच्या रचनेतच ठरलेले होते. तीन-चार तास ओढायचे, वर घ्यायचे, लगेच पुन्हा सोडायचे. मधल्या वेळात मासे फाडणे, धुणे, बर्फात रचणे. डेकवरचे खलाशी दिवसाला अठरा तास उभे असत, हेही त्या आगीमुळेच.

इंजिनखान्यात दोन इंजिनीअर आळीपाळीने पहाऱ्यावर, आणि हाताखाली एक आगवाला, तोच कोळसेवाला. भट्टीत जळून घट्ट झालेला क्लिंकर सळईने फोडून ओढायचा तो एका वेळी एकाच भट्टीतला, नाहीतर दाब बसतो. राख बादलीने वर काढून समुद्रात. सगळ्यात मोठी जोखीम बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची. काचेच्या खालच्या तोटीत क्षार साचला की काच भरलेली दिसते आणि बॉयलर रिकामा होत जातो. म्हणून दर पहाऱ्याला काच फुंकून बघायची: आधी पाण्याची बाजू बंद करून वाफ सोडायची, मग वाफ बंद करून पाणी, आणि पातळी झटकन परत येते का ते पाहायचे. हळू आली तर तोटी तुंबली समजायचे. भट्टीचा माथा पाण्याबाहेर पडला तर पत्रा लाल होऊन आत बसतो.

तेलाचा दोष त्याहून छुपा. सिलिंडरला दिलेले तेल वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या भागात, आणि तिथून पाण्याबरोबर बॉयलरमध्ये जाते. भट्टीच्या माथ्यावर त्याचा पातळ थर बसला की उष्णता पाण्यात उतरत नाही. पाणी पुरेसे असूनही माथा खचतो, आणि चौकशीत दोष आगवाल्यावर येतो. त्यावर उपाय एवढाच, की तेल बेताने द्यायचे आणि गाळणीचा कपडा वेळेवर बदलायचा.

विंचलाही स्वतःची शिस्त होती. वाफेची नळी उघड्या डेकवरून जाई. थंडीत तिच्यात पाणी साचे. ड्रेन न उघडता एकदम वाफ सोडली तर ते पाणी पिस्टनपुढे अडकून सिलिंडरचे झाकण फुटे. बंकरमधली (कोळशाच्या कोठीतली) कोळशाची पूड बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये, उतरून पंपाच्या जाळीदार तोंडाला बसे, आणि नेमक्या वादळात पंप पाणी उचलेनासा होई.

१८९४ साली एडिनबरोजवळच्या ग्रँटन बंदरातल्या स्कॉट यांनी ऑटर बोर्डांचे पेटंट घेतले आणि बीमचा वासा गेला. लोखंडाने मढवलेल्या दोन जड फळ्या, प्रत्येकीला स्वतंत्र वायर. पाण्यात तिरक्या बांधल्यामुळे त्या पतंगासारख्या बाहेर ओढ घेतात आणि जाळ्याचे तोंड फाकवून धरतात. आज रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या धक्क्यावर ट्रॉलरच्या मागे टांगलेल्या दिसतात, त्या याच फळ्यांच्या वारस. लाकडी वाशाला लांबीची हद्द होती, फळ्यांना ती राहिली नाही.

या बोटी बाजूने जाळे टाकत. पुढे-मागे दोन लोखंडी कमानी, त्यांना फळ्या टांगलेल्या. बोट थांबवून जाळ्याची बाजू वाऱ्याकडे करायची, म्हणजे वारा बोटीला जाळ्यापासून दूर ढकलतो. उलट बाजूने टाकले तर बोट जाळ्यावर सरकते आणि जाळे पंख्यात जाते. मग गोलाकार फिरत फळ्या सोडायच्या आणि खोलीच्या तिप्पटीच्या आसपास वायर द्यायची. पंचवीस-पंचवीस वावांवर (वाव म्हणजे सहा फूट) खुणा असत. दोन्ही वायरींच्या खुणा एकाच वेळी जुळल्या नाहीत तर एक फळी मागे पडते, दोघी एकमेकींवर चढतात आणि तीन तास पिळलेले, बंद तोंडाचे जाळे ओढले जाते. ही चूक आजही होते आणि तिचे कारणही तेच. शेवटी दोन्ही वायरी मागच्या बाजूला एका कडीत धरून ओढ सुरू. वर घेताना आधी कडी मोकळी करायची, फळ्या कमानींना अडकवायच्या, मधले जाळे हातांनी ओढायचे आणि खोला, म्हणजे मासे साठतात ती जाळ्याची शेवटची पिशवी, तळाशी बांधलेल्या गाठीसकट डेकवर झुलवायचा. गाठ ओढली की सगळा घास डेकवर.

वाफेला सरसकट दोष देणेही बरोबर नाही, कारण तशाच यंत्रावर दुसरी, निराळी मासेमारी चालत होती. १८९७ साली लोस्टॉफ्टला ‘कन्सोलेशन’ ही वाफेची ड्रिफ्टर बांधली गेली. हेरिंगसाठी ती संध्याकाळी जवळजवळ दोन मैल लांबीची जाळ्यांची भिंत पाण्यात सोडी, मागचे छोटे शीड उभारून नाक वाऱ्याकडे ठेवी आणि रात्रभर जाळ्यांबरोबर वाहत राही. इंजिन गप्प, आग राखेखाली दाबलेली. पहाटे वाफेच्या कॅप्स्टनने दोर आत यायचा. तळाला काही घासत नसे, आणि आसापेक्षा (जाळ्याच्या भोकापेक्षा) लहान मासा सुटून जाई. ती सुती जाळी कुजू नयेत म्हणून कातात उकळत, आणि त्यातला बराच कात ब्रह्मदेशातून जाई. आपल्याकडे त्याच कामाला ऐनाची साल होती. १९१३ च्या हंगामात यार्मथ आणि लोस्टॉफ्ट या दोन बंदरांत मिळून हजाराहून अधिक ड्रिफ्टर होत्या. ट्रॉलर आणि ड्रिफ्टर दोन्ही वाफेवर, दोघींवर वाफेचेच कॅप्स्टन किंवा विंच. फरक फक्त मागे काय ओढले जाते त्याचा.

तक्रारीही तिथे लगेच सुरू झाल्या, आणि त्या वाचताना मालवणच्या मच्छीमारांच्या तक्रारींची आठवण होते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे गळाचे आणि जाळ्यांचे मच्छीमार म्हणाले की ट्रॉलर आमची जाळी तोडतो आणि पिल्लू मारतो. १८८३ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याच वर्षी लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात हक्स्ले यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने सांगितले की मोठी समुद्री मासेमारी बहुधा कधीच संपणारी नाही. १८८९ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून तीन मैलांत ट्रॉलिंग बंद झाले, १८९२ मध्ये तिथले मोरे फर्थ हे मोठे आखात अख्खे बंद झाले. पळवाट लगेच निघाली: ब्रिटिश मालकांनी बोटी नॉर्वेच्या झेंड्याखाली नोंदवल्या आणि मासे ग्रिम्सबीलाच उतरवले. १९०६ मध्ये मॉर्टेनसन विरुद्ध पीटर्स खटल्यात अशा एका कप्तानाची शिक्षा कायम झाली. आणि १९०० साली मत्स्यशास्त्रज्ञ वॉल्टर गार्स्टँग यांनी आकडेवारीने दाखवले की १८८९ ते १८९८ या दहा वर्षांत मासेमारीच्या ताकदीच्या प्रमाणात मिळणारी तळाची मासळी जवळजवळ निम्म्यावर आली होती. तेव्हा समुद्रात डिझेलचा एकही ट्रॉलर नव्हता.

आपल्या समुद्रालाही त्या बोटींची ओळख झाली होती. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ हा वाफेचा ट्रॉलर लावून मुंबईबाहेर चाचण्या घेतल्या. प्रयोग पुढे चालला नाही, आणि आपल्या तळाला आणखी काही दशके उसंत मिळाली.

आता आपल्याकडची बाब. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे, बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत येतो, आणि जून-जुलैची बंदी आहे. या सगळ्यात इंजिनाच्या अश्वशक्तीवर जेवढी चर्चा होते तेवढी विंचवर होत नाही. आमची मागणी अशी की बोटीच्या नोंदणीत विंचची ओढ, वायरची लांबी, फळ्यांचा आकार आणि वजन लिहिले जावे, कारण बोट किती खोलीवर, किती जड जाळे टाकू शकते हे त्यावरून कळते. अश्वशक्ती कागदावर कमी दाखवता येते. ड्रमवरची वायर धक्क्यावर उभे राहून मोजता येते. हायस्पीड बोटींचा वेग गस्ती नौकेला चुकवायला उपयोगी पडतो आणि त्यावर उपाय हवाच, पण तो गस्तीचा प्रश्न आहे. तळाचे काय होते ते फळ्या आणि खोला ठरवतात.

आणि खोल्याची तपासणी करायची तर ती नीट व्हावी. ब्रिटनमध्ये आसाच्या मापावर कायद्याने बंधन घालण्याचा अधिकार सरकारला १९३३ मध्ये मिळाला, म्हणजे ‘झोडियाक’नंतर अर्ध्या शतकाने. वाफेच्या ट्रॉलरवर खोला घासून फाटू नये म्हणून त्याच्या पोटाखाली गाईची कातडी शिवत. कारण रास्त होते, परिणाम असा की खालच्या बाजूने पिल्लू सुटायला वाट राहत नसे. दोन पदरी खोल्याचेही तसेच. एका पदराचे आस कायदेशीर, पण दोन पदर एकमेकांवर आले की भोक निम्मे. शंकरपाळी आस ताण आल्यावर मिटते, हेही आहेच. म्हणून अधिकाऱ्याने कोरडे, दुमडून ठेवलेले जाळे न मोजता ओले आणि ताणलेले मोजावे, आणि त्याआधी खोल्यात हात घालून आत दुसरा पदर शिवला आहे का ते बघावे.

आपले,
सागरी इंजिनखात्यात काम केलेले दोन वाचक,
रत्नागिरी